चौसष्ट टाक्यांची खोळ

मित्रांनो, मी एक जुनी चामड्याची खोळ आहे. उशीची नव्हे, डाळिंबाची छाटणी करायच्या कात्रीची. कमरेच्या पट्ट्याला लटकायचे आणि कात्री पोटात घट्ट धरून ठेवायची, एवढेच माझे काम. ते मी फार चांगले केले, आणि त्यातूनच वरकुट्याच्या एका बागेवर संकट आले. तीच हकीकत तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म त्या बागेचे मालक आबाजी यांच्या मांडीमुळे झाला. छाटणी करताना दोन्ही हात मोकळे हवे असले की ते कात्री कमरेला खोचत. एकदा ठिबक सिंचनाचा व्हॉल्व्ह फिरवायला खाली बसले, कात्री मिटून ठेवणारी कडी निसटली आणि मांडीला चार टाके पडले. त्यांची नात स्वराली नुकतीच बारामतीच्या कॉलेजातून रसायनशास्त्र शिकून माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली होती. सुट्टीच्या दिवशी ती हौसेने चामड्याचे पट्टे आणि पाकिटे शिवत असे. तिने आबांच्या कात्रीची मापे वहीत लिहून घेतली, तीही मिलिमीटरमध्ये.

मी तेव्हा बाभळीच्या सालीत मुरलेल्या चामड्याचा एक तुकडा होते. इंदापूरच्या बाजारात चपला शिवणाऱ्या रामहरी काकांकडे ती मला विकत घ्यायला आली आणि तिथेच गोणपाटावर बसून, पट्टी धरून, आरीने छिद्रे पाडू लागली. काका हसले.

"ताई, टाका मोजून टिकत न्हाय. वढून टिकतो."

"काका, मी मोजते पण आणि ओढते पण."

"मग दोन दिस लागत्याल तुला."

तिला तीन लागले. चौसष्ट टाके, एकही वाकडा नाही. मग तिने मला पाण्यात भिजवले आणि कात्रीचा आकार यावा म्हणून ती पोटात घालून वाळत ठेवले. पण कात्रीला प्लास्टिक गुंडाळायला ती विसरली. बाभळीच्या सालीतले द्रव्य आणि ओले लोखंड एकत्र आले की काळी शाई तयार होते. सकाळी माझ्या पोटावर ठसठशीत काळा डाग होता.

"हा प्रयोग मी कॉलेजात केलाय, आणि तरी विसरले!" स्वरालीने कपाळावर हात मारला.

"असू दे गं," तिची आजी, तानूबाई म्हणाली. "लेकराला तीट लावलीया म्हनायचं."

आबांनी मला कमरेला लावले आणि ते ताठ उभे राहिले. "काय गं, कुठल्या गडावर धाडतीस मला?" मग त्यांनी मला उलटे करून जोरात हलवले. कात्री पडली नाही. "पकड हाय गड्या," ते म्हणाले. त्या दिवशी मला जे वाटले, ते मी अजून विसरलेली नाही.

"मला न्हाय व्हय शिवलीस?" तानूबाईने नातीला टोमणा मारला.

"पुढच्या सुट्टीत, आजी."

ती सुट्टी लवकर आली नाही. बरेच झाले, कसे ते ऐका.

डाळिंबाला तेल्या नावाचा रोग होतो. त्याचे जंतू आजारी झाडावरून कात्रीच्या पात्याला लागतात आणि पुढच्या झाडावर उतरतात. म्हणून या बागेत जुना शिरस्ता होता. एक झाड झाले की कात्री जंतुनाशक औषधाच्या बादलीत टाकायची आणि बादली घेऊन पुढच्या झाडाशी जायचे. कात्रीला ठेवायला दुसरी जागाच नव्हती, त्यामुळे ती आपोआप धुतली जायची.

आता मी होते. आबांचा हात झाडावरून थेट माझ्याकडे येऊ लागला आणि बादली बांधावरच राहू लागली. हे कोणाच्याही ध्यानात आले नाही. सगळे मोजणाऱ्या स्वरालीच्याही नाही. डाळज गावाहून आलेले पाहुणे मला हात लावून बघत होते, आणि मी फुशारत होते.

तीन आठवड्यांनी पानांवर तेलकट डाग दिसले. तीनशे झाडांची बाग, वर्षाची सगळी कमाई त्यावरच. स्वरालीने रजा काढली आणि वहीत एकेका झाडाची नोंद केली. अर्ध्या ओळी आबांनी छाटल्या होत्या, अर्ध्या तानूबाईने. तानूबाईच्या ओळींत दोन झाडे आजारी निघाली. आबांच्या ओळींत एकोणीस.

स्वरालीने वही मिटली. मग तिने मला आबांच्या पट्ट्यातून काढले आणि आत बोट घातले. आत चिकट रस साचला होता.

"आबा, बादली कुठं होती?"

आबा बांधाकडे बघू लागले.

छाटलेल्या रोगट फांद्या बागेबाहेर पेटवल्या होत्या. स्वराली मला घेऊन तिथे गेली. "हीपण जाळायला पाहिजे," ती म्हणाली, पण तिचा हात पुढे होईना.

"थांब पोरी," आबा म्हणाले. "तिनं तिचं काम केलं. माझं काम मीच इसरलो."

"मग तुमालाच टाकू का जाळात?" तानूबाई कडाडली. आबांनी मान खाली घातली, तशी ती मऊ झाली. "अगं, औशिदाची बाटली बांध की हिच्याच तोंडाम्होरं. हाताला आदी बाटलीच लागंल."

स्वरालीने लगेच आरी काढली.

तिने माझे खालचे अकरा टाके उसवले, म्हणजे आत काही साचणार नाही. आत काढून धुता येईल असे प्लास्टिकचे अस्तर बसवले. फवाऱ्याच्या बाटलीसाठी तोंडापुढे कप्पा शिवला. मग मला स्पिरिटने पुसून पुढच्या छाटणीपर्यंत घरातल्या खिळ्याला टांगले. तिथे माझ्यावर बुरशी चढली, अंग कडक झाले. मला वाटले, आता विसरले सगळे. चार झाडे उपटावी लागली, बाकीची सावरली, हे मी खिळ्यावरूनच ऐकले. एका दुपारी तानूबाईने मला खाली उतरवून एरंडेल चोळले. "तीटवाली," एवढेच ती म्हणाली.

आता मी पुन्हा कमरेला आहे. झाड झाले की आबांचा हात सवयीने माझ्याकडे येतो, बाटलीला अडतो आणि थांबतो. शेजारच्या ओळीतून तानूबाईची हाक येते, "धुतली का?"

"व्हय गं बाई, व्हय!"

मग मी तोंड उघडते.

मित्रांनो, चामड्याला ओले ठेवू नका, वर्षातून दोनदा तेल लावा, इतके मागणे माझे आहेच. पण नवी वस्तू घरात आली की जरा बघा, तिने कुठली जुनी सवय बांधावर ठेवायला लावली. आम्ही वस्तू मायेने शिवलेल्या असलो, तरी ते आम्हाला सांगता येत नाही.

स्वरालीने यंदा तानूबाईलाही खोळ शिवली. चौसष्ट टाके, डाग नाही. तानूबाई ती रोज मिरवते. तिच्यात ती मोबाईल ठेवते. कात्री अजून बादलीतच असते.