पाच वेळा पोटभर

उम्म फैसलनी ती जनावरं आणली तेव्हा मी म्हटलं, या तर घुशी. रत्नागिरीला घूस दिसली की आम्ही काठी शोधतो, आणि इथे माझ्या मालकिणीने पाच घुशी विमानाने मागवल्या. त्याही साध्यासुध्या नव्हेत, बोकडाएवढ्या. कॅपिबारा म्हणतात त्यांना. कुवेतला, रुमैथियातल्या या घरात मी चोवीस वर्षं स्वयंपाक करते, त्यामुळे तोंडावर बोलायचा मला हक्क आहे, आणि मी बोलले. उम्म फैसल हसल्या. म्हणाल्या, अमिरा, तू आधी त्यांचे डोळे बघ.

बघितले. डोळे, कान, नाक, सगळं डोक्याच्या वरच्या अंगाला. म्हणजे आख्खं धूड पाण्यात बुडवून फक्त तेवढंच वर ठेवायचं आणि जगाची मजा बघायची. वफ्राच्या मजऱ्यावर, म्हणजे त्यांच्या शेतावर, त्यांच्यासाठी तळं खणलं, वर हिरवी जाळी टाकली, थंडीत पाणी कोमट ठेवायला यंत्र बसवलं. एक नर, चार माद्या. दिवसभर चरायचं, डुंबायचं आणि एकमेकांना टेकून बसायचं. भांडण नाही की तंटा नाही. मला तर रागच यायचा. इतकी माणसं एकत्र राहतात तिथे कुणीतरी कुणालातरी बोललंच पाहिजे की नाही?

माझी जीभ तिखट आहे, ते मला कुणी सांगायला नको. तीन वर्षं मी माझ्या धाकट्या जावेशी, बानूशी, एक शब्द बोललेले नव्हते, तेही त्या जिभेपायी.

झालं असं की, माझा नवरा हारून बोटीवरून परतला नाही तेव्हा आमची हुस्ना दोन महिन्यांची होती. चार महिन्यांची झाली आणि माझा कुवेतचा व्हिसा आला. बानूचा तौफीक तेव्हा सात महिन्यांचा. तिने हुस्नाला दुसऱ्या बाजूला पाजायला घेतलं आणि मी विमानात बसले. दोन वर्षांनी पहिल्या सुट्टीवर गेले तर पोर तिच्या मागे लपली. पुढे ती बानूला अम्मी म्हणायला लागली आणि मला कुवेतवाली अम्मी. तेही मी गिळलं. पण तीन वर्षांपूर्वी लग्नात, सासरी निघताना, हुस्ना आधी बानूच्या गळ्यात पडली. मी हात पसरून उभी होते आणि सगळा मांडव बघत होता. पाहुणे पांगल्यावर मी बानूला म्हटलं, माझी पोर तू चोरलीस. ती काही बोलली नाही. ती बोलली असती तर मी भांडले तरी असते.

तर फेब्रुवारीत एक मादी वीत असताना मेली. तीन पिल्लं झाली, त्यातलं एकच जगलं. दुसऱ्या दोघी पंधरा दिवसांपूर्वीच व्यायल्या होत्या, त्यांची सात पिल्लं तळ्याकाठी फिरत होती. उम्म फैसल त्या पोरक्या पिल्लाला टॉवेलात गुंडाळून घेऊन आल्या आणि माझ्या ओट्यावर ठेवून म्हणाल्या, अमिरा, हे तू जगव.

आता ही पिल्लं म्हणजे आपल्याकडच्या घुशींच्या पिल्लांसारखी आंधळी-दुबळी नसतात. डोळे उघडे, अंगावर केस, तोंडात दात. जन्मल्यावर थोड्या वेळात पळायला लागतात, आठवडाभरात गवत कुरतडतात. पण दूध लागतंच. मी बकरीचं दूध कोमट करून बाटलीने पाजलं. खोक्यात जुनी दुलई घातली. रोज बेबी सोपने न्हाऊ घातलं, टॉवेलाने कोरडं केलं, वर पावडर. घुशीला पावडर लावणारी बाई कुवेतमध्ये मी एकटीच असेन. खरं सांगते, मला बरं वाटायचं. माझ्या हातून एक पोर वाढत होती आणि मध्ये दुसरं कुणी नव्हतं.

पण ती वाढत नव्हती. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मी रोज सकाळी वजन करायचे. पहिल्या दिवशी चौदाशे ग्रॅम. पाचव्या दिवशी साडेबाराशे. दिवसभर बारीक शिट्टीसारखा आवाज काढायची. मला वाटायचं भूक लागली, मी पुन्हा बाटली लावायचे, ती दोन घोट घ्यायची आणि पुन्हा शिट्टी.

मग जनावरांच्या डॉक्टर शर्मिला आल्या, आपल्या नाशिकच्या. त्यांनी पिल्लाला हातात घेतलं, पोट चाचपलं.

"ताई, हे भुकेने ओरडत नाहीये. कुठे आहात म्हणून कळपाला विचारतंय. उत्तर येत नाही म्हणून विचारतच राहिलंय."

"मी आहे की इथे," मी म्हटलं.

"तुम्ही आहात, पण तुम्ही कळप नाही. याला परत सोडा. यांच्यातल्या माद्या आपलं-परकं बघत नाहीत, कुणाचंही पिल्लू पाजतात. शिवाय मोठ्यांची लीद चाटली की पिल्लांच्या पोटात गवत पचायला लागतं. ते तुमच्या बाटलीत नाही. असंच ठेवलंत तर तीन-चार दिवस काढेल फार तर."

मी ऐकून घेतलं आणि नाही म्हटलं. दुसरीच्या अंगाला लावायचं? चावून टाकेल. आणि नाही चावली तरी मग हे माझ्याकडे परत येईल का? हे शेवटचं मी मोठ्याने बोलले नाही. उम्म फैसल मात्र चोवीस वर्षं माझ्यासोबत राहिल्यात. त्या एवढंच म्हणाल्या, "तुला ते जगायला हवंय की तुझं व्हायला हवंय?"

माझ्या हातातली बाटली मी ओट्यावर आपटली. पण सकाळी काट्यावर अकराशे ऐंशी आले, तेव्हा मीच खोकं उचलून गाडीत जाऊन बसले.

वफ्राला पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. पिल्लाला तळ्याकाठी सोडलं. ते शिट्टी वाजवत धावलं आणि पलीकडून उत्तर आलं, तसाच बारीक आवाज, सात-आठ गळ्यांतून. मोठी मादी पुढे आली, तिने त्याला हुंगलं आणि तोंड फिरवलं. ते तिच्या मागे गेलं, तिने बाजू बदलली. दुसरीनेही तेच केलं. पिल्लू मध्येच उभं राहून थरथरायला लागलं.

"मी सांगितलं होतं," मी डॉक्टरबाईंना म्हटलं.

डॉक्टरबाईंनी पिल्लाला उचललं आणि नाकाशी नेलं. "ताई, याला कसला वास येतोय?"

मी सांगितलं. साबण आणि पावडर, रोज, सकाळी.

त्या रागावल्या नाहीत. "त्यांच्यासाठी हे त्यांचं उरलंच नाही हो. वासाने ओळखतात त्या. काठचा चिखल लावा, लीद असलेला."

दिवसातून पाच वेळा नमाजाआधी वजू करून हात-तोंड-पाय धुणारी बाई मी. माझ्या ओट्यावर कुणी ओला चमचा ठेवला तर मी दिवसभर ऐकवते. पण तिथे गुडघ्यांवर बसले, दोन्ही हातांनी तो चिखल उचलला आणि पिल्लाच्या पाठीला, पोटाला, गळ्याला चोळला. पाच दिवस धुवून काढलेलं सगळं परत लावलं. लावताना मी अल्लाकडे मागत होते, हिला कुणीतरी जवळ घेऊ दे, कुणीही घेऊ दे, माझी नाही झाली तरी चालेल.

पुन्हा सोडलं. मोठी मादी आली, हुंगलं, बराच वेळ हुंगलं. मग काही न करता नुसती उभी राहिली. पिल्लू तिच्या पोटाखाली घुसलं, तिच्या चौघांच्या मध्ये, आणि लुचायला लागलं. शिट्टी थांबली.

आमच्यात रीत आहे. दुसऱ्या बाईने बाळाला पाच वेळा पोटभर पाजलं की ते तिचं दूधपोर होतं, तिची मुलं त्याची भावंडं होतात. कुवेतींनाही ते ठाऊक आहे. मी सावलीत बसले आणि मोजायला लागले. एक. थोड्या वेळाने पिल्लू दुसरीकडे गेलं, तिनेही पाजलं. मग पुन्हा पहिली. दुपारचा जेवणाचा डबा तसाच राहिला. पाचव्यांदा ते पहिलीच्या पोटाखाली शिरलं तेव्हा ती चरायची थांबली, त्याचं होईपर्यंत हलली नाही. तिच्या चेहऱ्यावर काही उपकार केल्याचा भाव नव्हता. घुशीच्या चेहऱ्यावर तसा कुठलाच भाव नसतो म्हणा.

तिथे मला रडू फुटलं. पाच वेळा तर बानूचं मी विमानतळावर पोचायच्या आधीच झालं असेल. पुढची दीड-दोन वर्षं कुणी मोजली? मी तर नाही. मी चोवीस वर्षं एवढंच मोजत बसले की पोर कुणाच्या गळ्यात आधी पडली.

चिखलाचे हात ओढणीला पुसले आणि फोन लावला.

"कोण?" बानू म्हणाली. मग नाव दिसलं असावं. "काय गो, बरी हायस ना?"

"बरी आहे. बानू, तू माझी पोर जगवलीस. मी तुला कधी म्हटलं नाही. मी तुला भलतंच बोलले. तुझे उपकार आहेत माझ्यावर, फार मोठे."

ती म्हणाली, "चावायची गो तुझी पोर."

"काय?"

"तू गेलीस आणि महिन्याभरात तिला खालचा दात आला. तौफीकच्याही आधी. रक्त काढलं होतं माझं. तरी सोडायची नाय."

हुस्नाचा पहिला दात कधी आला, हे मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं, कारण विचारलं असतं तर सांगणारी बानू असती.

"मला कळवलं का नाहीस?"

"काय कळवू? तू तिथे रडत बसली असतीस. आणि तुला सांगितलं असतं की चावते, तर तू म्हणाली असतीस, पाजू नको तिला."

तळ्यात पिल्लू कुठलं आणि बाकीची सात कुठली, मला आता ओळखू येईना. सगळीच चिखलाची. मी जमिनीवर नीट मांडी घालून बसले.

"बानू, तुला वेळ आहे?"

"हाय की."

"मग सांग. मी निघाले त्या दिवसापासून सांग, सगळं सांग."