बायडीच्या नावाची काचपट्टी

१९६६ साली मी हिवताप खात्यात होतो. काम सोपं. तारापूरकडचे पाडे फिरायचे, कुणाला ताप असेल तर बोटातून थेंबभर रक्त काचपट्टीवर घ्यायचं, चार कडू गोळ्या द्यायच्या आणि पुढं सरकायचं. डास मला फार घाबरत, असं आमच्या अहवालांत तरी दिसे.

जिवल्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावर दगड वाहायचा. त्याची बायको बायडी पहिलटकरीण, पाचवा महिना. तिला कणकण होती. मी सुई काढली तसा जिवल्या मध्ये आला.

"तिचं रगत नका काढू, साहेब. पोटुशी हाय. माजं घ्या."

"अरे, ताप तुला की तिला?"

"नवरा-बायकू एकच ना!"

"आन गोळ्या?" बायडीनं आतून विचारलं.

"पोटुशीला कडू चालत नाय. त्या पन मीच खातो."

"खा. बाळंत पन तूच हो."

मी हसलो. ऊन चढलं होतं, अजून तीन पाडे बाकी होते. शिवाय हिवताप या लोकांच्या अंगवळणी पडलेला. दोन दिवस कुडकुडतात, तिसऱ्या दिवशी कामावर. जिवल्याचं रक्त घेतलं, पट्टीवर बायडीचं नाव लिहिलं.

निकाल आला : जंतू आढळले नाहीत.

महिन्याभरात बायडीला झोळीत घालून पालघरला दवाखान्यात आणलं. ओठ पांढरेफटक. मलाही बोलावून घेतलं. डॉक्टर माझा निकालाचा कागद पुन्हा पुन्हा वाचत होते. शेवटी मी खरं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"पोटातलं मूल अर्धं बापाचं," ते शांतपणे म्हणाले. "आईच्या अंगाला ते परकंच. त्याला हाकलू नये म्हणून अंग आपला पहारा बदलतं. गाईम्हशींचंही थोडंफार असंच. मग वर्षानुवर्षं तापाशी झुंजून कमावलेली ताकदही अपुरी पडते, पहिल्या खेपेला तर फारच. तिथं नवऱ्याचं रक्त काय सांगणार?"

या वेळी औषध बायडीनंच घेतलं. ती वाचली. मूल गेलं.

पंधरवड्यानं पाड्यावर गेलो. पट्टीवरचं नाव माझ्या हातानं लिहिलेलं, हे सांगायला तीन मैल चालत गेलो होतो. जिवल्यानं मला तोंडच उघडू दिलं नाही.

"माजीच चूक, साहेब. मीच बोट पुढं केलं. तुमी काय करनार?"

बायडीनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मी पाणी प्यालो.

"असू दे," मी म्हणालो, "तुला तरी काय माहीत!"

म्हणजे मी त्याला माफ केलं.