दोन्ही हात वर

एक जानेवारीला कंपनीच्या गेटवर प्रत्येकाला एक गुलाबाचं फूल अन् एक कार्ड मिळालं. कार्डावर छापलेलं, 'नव्या वर्षाचा माझा संकल्प'. साहेब लोकांनी आपापल्या हातानं लिहून कार्डं कँटीनबाहेरच्या फळ्यावर टाचली. कुणी साखर सोडणार होतं, कुणी पहाटे उठून पाच किलोमीटर चालणार होतं. ठेकेदाराच्या माणसांना लिहायची तसदी नव्हती. त्यांच्या कार्डांवर आधीच छापून आणलेलं होतं, 'मी सुरक्षेचे सर्व नियम पाळीन.' खाली फक्त सही.

रामकिसननं सही केली. वय बावन्न. देवगाव रंगारीहून वाळूजला आला तेव्हा दोन वर्षं काम करू अन् परत जाऊ, असं ठरवून आला होता. त्याला एकोणीस वर्षं झाली. दर अकरा महिन्यांनी ठेकेदार त्याला कागदावर काढून टाकायचा अन् पुन्हा घ्यायचा, म्हणजे कंपनीच्या लेखी तो दरसाल नवाकोरा माणूस. गुडघे अन् कान तेवढे जुने झाले.

कान तर गेलेच होते. पत्र्यावर दिवसभर आदळणाऱ्या प्रेससमोर दुसरं काय होणार? कानात घालायचे बोळे मिळायचे ते बाहेरचे पाहुणे पाहणीला यायच्या दिवशी. कारखान्याच्या त्या प्रेस-शॉपमध्ये सगळेच एकमेकांचे ओठ बघून बोलतात, त्यामुळं कोण बहिरा झाला ते कुणाच्या ध्यानात येत नाही. घरी मात्र येतं.

"मी पाठीमागून बोलते तवा तुमी नुसती मान हलवता," त्याची बायको द्वारकाबाई एकदा त्याच्या तोंडासमोर येऊन म्हणाली. "काल म्हणलं, मी माहेरी चालले, कायमची. तुमी म्हणले, बरं."

रामकिसन हसला होता. पण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जे झालं, त्यावर त्याला हसू आलं नाही.

प्रेसवर दोन माणसं असतात. समोरचा सांडू हातानं पत्रा आत सरकवायचा, हात बाहेर काढून "व्हय!" म्हणून ओरडायचा, मग रामकिसन पायातलं पेडल दाबायचा. हात आत असला तर प्रेस थांबवणारा लाल दिवा होता, पण तो चालू ठेवला की माल कमी निघतो, म्हणून वरच्या साहेबांनीच बंद करून ठेवलेला. तीन वर्षं रामकिसन सांडूचे ओठ बघून पेडल दाबत होता. मग थंडी पडली, अन् सांडूनं तोंडाला मफलर गुंडाळला. ओठ दिसेनात. रामकिसन अंदाजानं दाबू लागला, अन् एका सकाळी सांडूच्या हातमोज्याचं टोक प्रेसच्या साच्यात चेपून राहिलं.

"मोजाच गेला, भाऊ," सांडू मफलर खाली ओढून दात काढत म्हणाला. "मोजा कंपनीचा हाय. बोट माझं हाय, ते हाय."

त्या दिवशी रामकिसनचा डबा तसाच घरी परत गेला.

तीन तारखेला तपासणीची गाडी यायची होती. दरसालचंच होतं ते. संभाजीनगरातून डॉक्टरांची माणसं यायची, छाती, डोळे, कान बघायची. 'कामास योग्य' असा कागद मिळाला तरच गेटपास. कानाला यंत्र लावून बसवायचे; आवाज आला की बोट वर करायचं. अजिंठ्याकडचा कय्युमभाई क्रेन चालवायचा, त्यानं तीन सालांपूर्वी रामकिसनला तोड शिकवली होती: बटण दाबणाऱ्याचा अंगठा बघायचा. अंगठा हलला की बोट वर.

आदल्या दिवशी चहाच्या टपरीवर रामकिसन म्हणाला, "यंदा अंगठा बघणार नाय मी. ऐकू आलं नाय तर बोट वर करणार नाय."

कय्युमभाईनं ग्लास खाली ठेवला. "दिमाग खराब झाला का तुझा? बहिरा लिहिलं तर गेटच्या बाहेर!"

"स्टोअरच्या कामावर टाकतील. तसा नियम हाय."

"नियम? अरे भाऊ, तू उन्नीस साल से नवीन हायस. नव्या माणसाला कुठला नियम?"

रात्री जेवताना त्यानं बायकोला सांगितलं. तिनं त्याच्या ताटात भाकरी मोडून टाकली.

"काम गेलं तं कसं व्हईल, ते मला ठावं नाय," ती म्हणाली. "पण त्या सांडूच्या बायकोला तोंड दाखवायची येळ माझ्यावर आणू नका."

तीन तारखेला तो रांगेत उभा राहिला. नंबर आला तसा गाडीत चढला. एका पोऱ्यानं त्याच्या कानांवर यंत्र चढवलं अन् स्वतः समोर बसला. अंगठा दिसायला नको म्हणून रामकिसननं डोळे मिटले. हात मांडीवर. बोटं मुठीत.

आवाज आला नाही. मग दुसऱ्या कानालाही आला नाही. त्यानं मूठ उघडली नाही. उद्यापासून काय, खोलीचं भाडं कुठून, हे सगळं मनात येऊन गेलं. मग तेही थांबलं, अन् नुसता शीण उरला. एकोणीस वर्षांत त्या आवारात तो असा रिकामा कधी बसला नव्हता.

खांद्यावर थाप पडली. पोऱ्यानं कागद हातात दिला. त्यावर शिक्का मारलेला: दोन्ही कान सामान्य. कामास योग्य.

"मी बोट वर केलंच नाय," रामकिसन म्हणाला.

पोऱ्याचे ओठ हलले. "काका, मशीन महिन्यापासून बंद आहे. तीनशे माणसं दुपारपर्यंत उरकायचीत. झालात ना पास?"

"मला ऐकू येत नाय!"

तो इतक्या जोरात ओरडला की रांगेतली माणसं हसली. पोऱ्या हसला नाही. त्यानं दाराकडं बोट केलं. पुढचा माणूस येऊन बसला अन् पोऱ्याच्या अंगठ्याकडं टक लावून बघू लागला.

रामकिसन शॉपकडं चालत गेला. तीन वर्षं आपण यांना फसवतोय, या भीतीनं त्याची झोप गेली होती. इथं फसवून घ्यायलासुद्धा कुणी बसलेलं नव्हतं. मेला असता तरी हेच लिहिलं असतं साल्यांनी.

प्रेसला वळसा घालून तो सांडूसमोर गेला अन् त्याच्या तोंडावरचा मफलर ओढून काढला.

"सांडू, मला ऐकू येत नाय. तीन वर्षं झाली. त्या दिवशी तू ओरडला होता का?"

"नव्हतो." सांडूचा चेहरा उतरला. "हात आतच होता माझा." मग एकदम त्याच्या गळ्याच्या शिरा ताणल्या. "मंग कशावर दाबत होता, भाड्या?"

"तुझ्या ओठावर. मफलर बांधल्यापासून अंदाजावर."

सांडूनं मोजे काढले. आपले पंजे उलटेपालटे करून बघितले. मारतो की काय, असं रामकिसनला वाटलं. मारलं असतं तर त्यानं मारही खाल्ला असता. पण सांडूनं मोजे परत चढवले.

"आता?"

"हात बाहेर काढले की वर कर. दोन्ही. दिसल्याबगर पाय ठेवणार नाय मी."

"पोलिसानं धरल्यावानी?"

"तसंच."

काम सुरू झालं. पत्रा आत, हात वर, पेडल. तयार जॉब बाहेर, पत्रा आत, हात वर. माल निम्म्यावर आला. थोड्या वेळानं सांडूची नजर रामकिसनच्या खांद्यावरून मागं गेली.

"सुपरवायझर बोंबलतोय," सांडूचे ओठ म्हणाले. "नव्या वर्षात काय नाटक लावलं म्हणतो."

रामकिसननं मागं वळून बघितलं नाही. "त्याला म्हणावं, माझे कान सामान्य हायेत. कागद हाये."

सांडूनं पत्रा सरकवला अन् दोन्ही हात डोक्यावर नेले. रामकिसननं दहाही बोटं बघितली. मगच पाय दाबला.