दुरुस्त झालेला ओपनर

कारखान्यात फर्मान निघालं: ज्याला संगणकावर मॉडेल करता येईल तोच फिटर टिकेल, बाकीच्यांना नारळ. फिटरकाकांचं तीस वर्षं लोखंडाशी उत्तम जमलं होतं, माऊसशी मात्र सूत जुळेना. त्यात शिकवणाऱ्या मॅडम त्यांच्या लेकीहून लहान. त्यांनी परीक्षाच घेतली. घरातली रोजची कुरकुरणारी वस्तू निवडा, खोला, भाग न् भाग मोजून पडद्यावर उभा करा आणि दोष नेमका कुठे आहे ते दाखवा. मुदत सोमवारपर्यंत.

टॉर्च ठणठणीत होता. भिंतीवरच्या घड्याळाला हात लावायला बायकोची सक्त मनाई, कारण मागच्या वेळी काकांनी ते जोडल्यावर दोन स्क्रू उरले होते. राहिला डबे उघडायचा ओपनर.

रविवारी दुपारी टेबलावर वर्तमानपत्र पसरून काकांनी तो खोलला. दातेरी चाकाचा एक दात झिजला होता. हात आपसूक कानशीकडे गेला. दात घासून सारखे केले, खाली पातळ वॉशर घातला, तेलाचा थेंब सोडला. मग मापं घ्यायला व्हर्नियर उचलला आणि काका मटकन खुर्चीत बसले. जो दोष दाखवायचा, तोच त्यांनी घासून टाकला होता! घासलेलं लोखंड काही परत येत नाही.

"अगं, हा आधी कुठे अडायचा गं?"

बायको हात पुसत आली. तिने एक डबा घेतला, ओपनर लावला. तो सरसर फिरला. ती बघतच राहिली.

"आधी असं नव्हतं," म्हणत तिने दुसरा डबा छातीशी धरला, कोपर पोटात रोवलं आणि नुसताच हात फिरवून दाखवला. "इथे अडायचा. हात झटकायचा, पुन्हा लावायचा. मग इथे."

काकांनी डब्याच्या कडेवर पेन्सिलीने खुणा केल्या. दोन खुणांमधलं अंतर प्रत्येक वेळी चाकाच्या एका फेऱ्याएवढंच भरलं. म्हणजे दर फेऱ्याला तोच दात निसटायचा; कुठे निसटायचा यावरून तो किती झिजला होता, याचाही हिशोब लागला.

"कधीपासून चाललंय हे?"

"झाली की सहा-सात वर्षं."

तिच्या दुखऱ्या मनगटावरचा आधाराचा पट्टा वयामुळे आहे, असं काका समजून चालले होते. "मला सांगायचंस तरी!"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, रविवारी बघतो."

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्या कारखान्याची यंत्रं ज्याच्या हाताखालून जातात, त्याच्या घरात ही तऱ्हा.

रात्रभर माऊसशी झगडल्यावर सोमवारी पडद्यावर झिजलेला दात गरगर फिरला. मॅडमनी समोरचा खरा ओपनर उलटसुलट करून पाहिला. "काका, हा तर दुरुस्त आहे. मग झिजेचं माप कुठून आणलंत?"

थाप मारता आली असती. "माझ्या हातून आधीच दुरुस्त झाला," काका म्हणाले. "माप बायकोच्या मनगटाने दिलं."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी 'पास' असा शेरा मारला. काकांची नोकरी राहिली, पण गाडी घराकडे वळली तरी चेहरा उतरलेलाच होता.

घरात पाऊल टाकताच त्यांनी बायकोला हाक मारली. "या घरात आणखी काय काय अडतं, ते सगळं सांग मला."

बायकोने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि खुर्ची पुढे सरकवली.

"बसा," ती म्हणाली. "वेळ लागेल."