तीन नंबरचा फ्रिज

तीन नंबरच्या फ्रिजवर चार अंश दिसत होतं, म्हणजे जे दिसायला हवं अगदी तेच दिसत होतं, आणि बाईंना आता त्याच आकड्याचा भरवसा वाटत नव्हता.

मोबाइलवर दुरुस्तीच्या फोरमवरच्या कॉम्प्रेसरकाकांचा निरोप होता. बाईंनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला.

"चार अंश दादा, तुमच्या सगळ्या फ्रिजांचे आकडे मला इथे माझ्या घरात बसून दिसतायत. तुम्ही मंगळवारी फोटो टाकलात ना, त्यातल्या स्टिकरवरचा इंटरनेटचा पत्ता आणि कोड मी सहज घालून बघितला. दार सताड उघडं आहे हो! आणि तीन नंबरला चाचणी मोड कुणी लावलाय? तुम्हीच लावला असेल तर ठीक. नसेल तर आत्ता जाऊन बघा. त्या मोडमध्ये पडद्यावर कायम चारच दिसतं, आत आग लागली तरी."

बाईंनी तो लावला नव्हता. असा काही मोड असतो हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

बावीस वर्षं त्या या रुग्णालयाच्या रक्तपेढीत तंत्रज्ञ होत्या. तळमजल्यावरची एक लांबट खोली, चार फ्रिज, दोन टेबलं आणि कधीच न उघडणारी एक खिडकी. रक्त दोन ते सहा अंशांत ठेवायचं, या एका गोष्टीपायी त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. "हिला स्वतःला ताप आला तरी ही आधी फ्रिजचं तापमान विचारेल," असं नवरा पाहुण्यांसमोर म्हणायचा, आणि बाई हसून घ्यायच्या, कारण ते खरंच होतं.

रुग्णालयात "बाई, पिशवी द्या" यापलीकडे त्यांच्याशी कुणी बोलत नसे. त्यांना मान होता तो दुसरीकडेच. फ्रिज आणि शीतपेट्या दुरुस्त करणाऱ्यांचा एक फोरम होता, कुणीही यावं, कुणीही वाचावं असा. कंपनीचा माणूस 'आज येतो, उद्या येतो' करत झुलवायला लागला, तेव्हा नऊ वर्षांपूर्वी बाई तिथे एक प्रश्न विचारायला गेल्या आणि तिथल्याच होऊन गेल्या. आधी विचारलं, मग शिकल्या, मग इतरांना सांगू लागल्या. तिथे त्यांचं नाव 'चार अंश'. सगळे त्यांना पुरुषच समजत आणि बाईंनीही कधी कुणाचा गैरसमज दूर केला नाही. 'थांबा, चार अंश दादा काय म्हणतात बघू,' असं कुणी लिहिलं की त्यांचा दिवस सोन्याचा व्हायचा.

त्या फोरमची एक शिस्त होती. यंत्राचा फोटो पूर्ण हवा, पाटीसकट, स्टिकरसकट, वायरींसकट. अर्धवट फोटो टाकणाऱ्याला कुणी दारात उभं करत नसे. या शिस्तीच्या बाबतीत सर्वांत कडक कोण, तर चार अंश दादा! नवख्या पोरांना त्यांनी किती वेळा झापलं होतं, "अहो, रोगी पडद्याआड ठेवून औषध विचारता का?"

मंगळवारी तीन नंबरचा अलार्म दर अर्ध्या तासानं कोकलत होता. पडद्यावर मध्येच सात दिसायचं, मध्येच आठ, मग पुन्हा पाच. आकडा दाखवणारं यंत्रच बिघडलंय अशी बाईंची खात्री होती. त्यांनी शिस्तीप्रमाणे पूर्ण फोटो काढला. कंपनीच्या माणसानं आपण विसरू नये म्हणून यंत्रावर पिवळं स्टिकर चिकटवून ठेवलं होतं आणि त्यावर ठळक पेननं पत्ता आणि कोड लिहिला होता. तेही फोटोत आलं. बाईंना ते दिसलं नाही असं नाही. दिसलं, आणि फोटो छान स्पष्ट आलाय असं वाटलं.

संध्याकाळी कुणीतरी सुचवल्याप्रमाणे त्यांनी मागची वायर दाबून बसवली, आणि थोड्या वेळात अलार्म गप्प झाला. बाईंनी फोरमवर लिहिलं, "वायर दाबली. अलार्म थांबला. सर्वांचे मनापासून आभार." अकरा जणांनी टाळ्या दिल्या.

आता शुक्रवार होता. बाईंनी यंत्राचं बटण दाबून तीन दिवसांचा आलेख काढला. एक, दोन आणि चार नंबरच्या रेघा नेहमीसारख्या वरखाली होत होत्या. दार उघडलं की रेघ चढते, लावलं की उतरते. चालत्या फ्रिजचा आकडा कधी एका जागी बसत नाही. तीन नंबरची रेघ मंगळवारी संध्याकाळी सहा वाजल्यापासून पट्टीनं आखल्यासारखी सरळ होती. हे त्यांना शिकाऊ असतानाही कळलं असतं. पण आलेख बघायला त्या तीन दिवसांत फिरकल्याच नव्हत्या. काचेचा तापमापक रोज सकाळी बघून रजिस्टरमध्ये लिहायचा नियम होता, आणि बाई गेली कित्येक वर्षं पडद्यावरचा आकडा बघूनच ते रजिस्टर भरत होत्या.

त्यांनी फ्रिज उघडला. मागच्या कोपऱ्यातला तापमापक काढून उजेडात धरला.

अकरा.

हाताला तर थंडच लागत होतं. हीच तर फसगत; अकरा अंशही हाताला थंडच लागतात. यंत्र ठीक होतं. फ्रिजच आजारी होता, आणि अलार्म बिचारा मंगळवारी दिवसभर तेच ओरडून सांगत होता.

तीन नंबरमध्ये क्वचित लागणाऱ्या गटांचं रक्त असायचं. सव्वीस पिशव्या. त्यांनी मोजल्या. पंचवीस भरल्या. पुन्हा मोजल्या. मग रजिस्टर उघडायचीही गरज उरली नाही, कारण सव्विसावी त्यांनी स्वतःच्या हातांनी तासाभरापूर्वी दिली होती, दुसऱ्या मजल्यावरच्या बायकांच्या वॉर्डात.

फोन लावला तर वॉर्डाच्या फोनवर कुणीतरी बोलत होतं. बाई धावल्या. गुडघ्यांचं दुखणं, ओला जिना, मागून कुणीतरी "अहो बाई, हळू!" म्हणालेलं, यातलं काहीच त्यांच्यापर्यंत पोहोचलं नाही. देवा, अजून लावली नसू दे. सुई सापडत नसू दे. सिस्टर चहाला गेलेली असू दे. बावीस वर्षं त्यांनी वॉर्डांच्या दिरंगाईला नावं ठेवली होती, आणि आज त्या दिरंगाईसाठी देवाला साकडं घालत होत्या.

पिशवी टांगलेली होती. पाव भाग रिकामी झाली होती.

खाटेवर वीस-एकवीस वर्षांची मुलगी होती, परवाच पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेली. उशाशी तिचे वडील बसले होते. धंद्यानं शिंपी असावेत. बाहीला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले होते आणि शर्टाच्या खिशाला दोन टाचण्या होत्या.

"बंद करा," बाई म्हणाल्या. मग मोठ्यानं म्हणाल्या, "सिस्टर, रक्त बंद करा! आत्ता!"

सिस्टरनं आधी नळी बंद केली आणि मग विचारलं, "का हो बाई? गट चुकला?"

"गट नाही. पिशवी खराब असेल. नळी बदला, पिशवी टाकू नका, ती तपासायला लागेल. डॉक्टरांना बोलवा."

"बाबा," मुलगी म्हणाली, "मला थंडी वाजतेय."

वडिलांनी तिच्या अंगावरची चादर वर ओढली. एकदा बाईंकडे बघितलं, एकदा पिशवीकडे. "आत्तापर्यंत तर बरी होती," ते म्हणाले. "काय झालं? अहो, कुणीतरी सांगा ना काय झालं ते!"

तापमापक लावला तेव्हा एकशे दोन होतं, आणि पुढच्या अर्ध्या तासात एकशे तीन झालं. डॉक्टर आले, दोन औषधं सुरू झाली, रक्ताचे नमुने गेले. मुलीचे दात एकमेकांवर आपटत होते आणि तो आवाज बाईंना दारापर्यंत ऐकू येत होता.

रक्तपेढीचे प्रमुख डॉक्टर भले गृहस्थ होते. बाईंचं सगळं ऐकून त्यांनी आधी खोलीचं दार लावलं.

"हे तुम्ही आणखी कुणाला सांगितलंत?"

"तुम्हालाच सांगतेय. सगळ्या फ्रिजांच्या यंत्रांच्या इंटरनेटच्या वायरी काढल्यात. तीन नंबरला कुलूप घातलंय. बाकीचे तिन्ही काचेच्या तापमापकानं बघितले, ठीक आहेत."

"तो फोटो काढून टाका."

"काढला. पण सहाशे चाळीस जणांनी बघितलाय सर."

बाईंनी मोबाइल पुढे केला. फोटो गेला होता तरी खालची उत्तरं तशीच होती. त्यांतलं एक मंगळवारी सहा वाजून दोन मिनिटांनी आलेलं होतं, ना नाव, ना चेहरा. त्यात एवढंच होतं, 'आता शांत झोपा,' आणि पुढे हसरं तोंड. त्यावर बाईंनी स्वतः जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं होतं.

डॉक्टरांनी ते वाचलं आणि खुर्चीत मागे टेकले. त्यांचाही चेहरा उतरला. "म्हणजे कुणीतरी मुद्दाम?"

"मुद्दाम असेल, गंमत म्हणून असेल. त्याला कदाचित हे फ्रिज कसले आहेत तेही माहीत नसेल."

"बाई, नीट ऐका," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "यंत्रात बिघाड झाला, असं लिहू. खोटंही नाही ते. तुमची साडेतीन वर्षं राहिलीत नोकरीची. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेता?"

बाईंना मोह झाला नाही असं कसं म्हणावं? झाला, आणि चांगला जोरात झाला. घर डोळ्यांसमोर आलं, नवऱ्याचा चेहरा आला, 'बाईंनी रक्त नासवलं' म्हणणारे सगळे आले. पण त्या कंपनीची यंत्रं आणखी किती रुग्णालयांत होती कोण जाणे, आणि कंपनीचा माणूस कोड लक्षात राहत नाही म्हणून सगळीकडे तोच कोड लिहून ठेवतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यानंच एकदा हसत हसत सांगितलं होतं.

"नाही सर," त्या म्हणाल्या. "बिघाड लिहिला तर यंत्र बदलतील. कोड तोच राहील."

डॉक्टरांनी खणातून एक कोरा कागद काढला. मग म्हणाले, "आजचा दिवस पुरा करा. उद्यापासून चौकशी संपेपर्यंत येऊ नका." आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. बाईंनी सगळं लिहिलं. अक्षर वाईट आलं, पण लिहिलं.

दुपारी त्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. मुलीचा ताप एकशे एकवर आला होता, पण वॉर्डातले डॉक्टर 'बघू' याशिवाय काही बोलायला तयार नव्हते, आणि बाईंना त्या 'बघू'ची भीती वाटत होती. वडील बाहेर आले. सरळ बाईंसमोर येऊन त्यांनी हात जोडले.

"सिस्टर म्हणाल्या, तुम्ही जिना चढून धावत आलात म्हणून अख्खी पिशवी गेली नाही. देवासारख्या आलात ताई."

इथे गप्प बसता आलं असतं. बाई उभ्या राहिल्या, कारण हे बसून सांगण्यासारखं नव्हतं. त्यांनी सांगितलं. फोटो, कोड, तीन दिवस, तापमापक न बघता रजिस्टर भरलं तेही. सोप्या शब्दांत सांगितलं, आणि सांगताना सोपे शब्द मनाला जास्तच लागतात हे त्यांच्या लक्षात आलं.

वडिलांचे हात अजून जोडलेलेच होते. ते त्यांनी सावकाश खाली घेतले.

"कोण होता तो?"

"माहीत नाही."

"आमचं काय वैर त्याच्याशी?"

"काहीच नाही. त्याला तुम्ही माहीतच नाही."

"मग मी रागवू कुणावर?"

"माझ्यावर," बाई म्हणाल्या.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बाईंना सोपं गेलं असतं. ते आत गेले आणि खाटेभोवतीचा पडदा त्यांनी ओढून घेतला.

पंचवीस पिशव्या बाद झाल्या. मुलीला तर रक्त लागणारच होतं, आणि रुग्णालयात तिच्या गटाच्या होत्या तेवढ्या पिशव्या तीन नंबरमध्येच होत्या. बाईंनी फोन करायला घेतले. सात रक्तपेढ्यांनी नाही म्हटलं. आठवीनं एक पिशवी आहे म्हणून सांगितलं, पण न्यायला माणूस पाठवा म्हणाले. बाई स्वतः गेल्या. बर्फाची पेटी मांडीवर घेऊन रिक्षात बसल्या, आणि वाटेत दर पाच मिनिटांनी झाकण उघडायचा मोह आवरत राहिल्या. परत आल्यावर गट तपासला, मुलीच्या रक्ताशी जुळवून बघितलं, पुन्हा जुळवून बघितलं. साडेपाचला पिशवी घेऊन त्या वॉर्डात आल्या तेव्हा डॉक्टरांची परवानगी झाली होती.

वडील खाटेच्या आणि बाईंच्या मधे उभे राहिले.

"दादा, तिला लागणार आहे हो ते," सिस्टर म्हणाली.

"हे कुणी तपासलं?"

"मी," बाई म्हणाल्या. "दोनदा."

"तिसऱ्यांदा तपासा. माझ्यासमोर. आणि मोठ्यानं वाचा."

बाईंनी पिशवीवरचा नंबर वाचला. सिस्टरनं कागदावरचा वाचला. वडील कागदावरच्या एकेका आकड्याखाली बोट सरकवत होते, कापडावर माप घ्यावं तसं, आणि बोट पोहोचेपर्यंत पुढचा आकडा वाचायला बाईंना थांबावं लागत होतं. गट. तारीख. मुलीचं नाव, तिच्या मनगटावरच्या पट्टीवरून. पेटीतला तापमापक बाईंनी त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, खिडकीकडे वळून वाचला आणि परत दिला.

मग ते बाजूला झाले.

सिस्टरनं पिशवी टांगली. नळी लाल झाली. मुलीनं डोळे उघडून वर बघितलं, वडिलांकडे बघितलं आणि पुन्हा मिटले. बाई रिकामी पेटी उचलून निघाल्या. त्यांना वाटलं, आपलं इथलं काम संपलं. इथलं आणि बहुतेक सगळंच.

"कुठे निघालात?" वडील म्हणाले. त्यांची नजर नळीवरच होती. पायानं त्यांनी खाटेखालचं स्टूल बाहेर ओढलं. "संपेपर्यंत किती वेळ लागतो?"

"तीन तास. कधी चार."

"मग बसा. ही पिशवी संपेपर्यंत इथून हलायचं नाही."

बाईंनी पेटी खाली ठेवली आणि त्या स्टुलावर बसल्या.