हव्वाबीची कुंडी

कृष्णकांत देवस्थळी वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगितलेलं बरं. नवीन पनवेलच्या त्या रो-हाउसच्या रांगेत पाण्याच्या टँकरसाठी सगळ्यांच्या वतीने भांडणारे तेच, आणि शेजारच्या हव्वाबीचा नवरा अली कुवेतला होता तेव्हा तिच्या लाइटच्या मीटरचा घोळ निस्तरून देणारेही तेच. ईदचा शीरखुर्मा ते मिटक्या मारत खात. फक्त तो त्यांना दरवेळी आपल्या घरच्या पातेल्यात ओतून लागे. एवढी बारीकशी अढी कोणाच्याही मनात असते म्हणायचं आणि सोडून द्यायचं. पण अशी बारीक अढीच नेमकी नडते.

त्यांची बायको आशालता आजारी होती. पोटाचा कॅन्सर, दोनदा ऑपरेशन, आणि आता डॉक्टर म्हणाले, घरी न्या, आनंदात ठेवा. याचा अर्थ दोघांनाही कळला होता. दुखणं निघायच्या आधी ती लेकीकडे, रेवाकडे, इंग्लंडला राहून आली होती. वसंत होता. तिथल्या बागेत डॅफोडिल फुललेले. पिवळीधमक फुलं, हिरवळभर. आशालता रोज सकाळी चपला अडकवून बघायला जायची. एके दिवशी गेली तर सगळ्यांनी माना टाकलेल्या. ते तिच्या मनातून काही जाईना.

"मला ते फूल एकदा हातात धरायचंय," ती नवऱ्याला म्हणाली. "फोनमधले फोटो नकोत."

या बाईने जन्मात काही मागितलं नव्हतं, साडीसुद्धा हे आणतील ती. म्हणून कृष्णकांतांनी फारच मनावर घेतलं.

ऑक्टोबरात रेवा आली ती पिशवीभर कंद घेऊन. दिसायला थेट कांदे. तिने बापाला नीट समजावलं, "बाबा, आपल्याकडे थंडी नाही, म्हणून हे संक्रांतीपर्यंत फ्रिजमध्ये ठेवा, मग कुंड्यांत लावा. पण फळांबरोबर नको हं. सफरचंद तर अजिबात नको. त्याच्या वाफेने कंदातली कळी आतल्या आत मरते."

आता आजाऱ्याचं घर म्हटल्यावर फळं आलीच. भेटायला येणारा रिकाम्या हाताने कसा येईल? ऑफिसातले जुने सोबती, आत्येभाऊ, समोरचे, मागचे, जो तो सफरचंदांची पिशवी पुढे करायचा. जिला पेज उतरत नाही तिच्यासाठी सफरचंदं! वाटून किती वाटणार? आणि आजाऱ्यासाठी आलेलं टाकायचं नसतं, असं कृष्णकांतांच्या आईने शिकवलेलं. फ्रिज गच्च भरला.

आशालताने पाच कंद हौसेने हव्वाबीला दिले होते. ते घेऊन जाताना हव्वाबीने उघडा फ्रिज पाहिला.

"याला आम्ही नर्गिस म्हणतो, भाऊ," ती म्हणाली. "सगळेच द्या ना माझ्याकडे. माझा खालचा खण रिकामा आहे. आमच्या घरात फळ टिकतंय कुठे, अली आणल्या आणल्या फस्त करतो."

कृष्णकांतांच्या डोळ्यांसमोर तिच्या फ्रिजमधल्या सुरमईच्या तुकड्या आल्या. ती पातेली, तो वास, आणि त्यातून आलेलं फूल आशाच्या हातात. छे.

"कशाला तुम्हाला त्रास," ते हसून म्हणाले.

त्यांनी कंद खालच्या खणात घातले, सफरचंदं वर रचली. मध्ये काच आहे की, अशी मनाची समजूत घातली.

संक्रांतीनंतर त्यांनी कुंड्या भरल्या. आशालताची कॉट खिडकीशी आणली. ऊन तापायला लागलं तशी मातीवर बर्फाचे खडे ठेवले. पाती तरारून वर आली. आशालता रोज विचारायची, "आली का?" ते म्हणायचे, "येतील आता."

फुलं आली ती शेजारी. सकाळीच हव्वाबी कुंडी कडेवर घेऊन दारात उभी राहिली. दोन फुलं उमललेली, पिवळीजर्द.

"भाभींना दाखवते," ती म्हणाली.

कृष्णकांतांना हेवा वाटला, दुसरा शब्द नाही. चार महिने राबले ते, आणि आशाच्या हातात पहिलं फूल जायचं ते हिच्या घरचं?

"आत्ताच डोळा लागलाय तिचा," ते म्हणाले. आशालता आत टक्क जागी होती.

दुसऱ्या दिवशी हव्वाबी पुन्हा आली. "भाऊ, आपल्या पनवेलची गर्मी. आज गेली तर गेली."

"संध्याकाळी बघू. आमचीही येतीलच."

आजाऱ्याचं घर, दारात घरधनी उभा. ती बिचारी काय बोलणार? कुंडी घेऊन परत गेली. संध्याकाळी कृष्णकांतांनी बोलावलं नाही.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर बघून गेले आणि रेवाला बोलावून घ्या म्हणाले. कृष्णकांत तडक कुंड्यांकडे गेले. एक कंद उपटला, सुरीने उभा चिरला. कळीच्या जागी तपकिरी सुतळीसारखं काहीतरी. दुसरा चिरला, तिसरा चिरला. सगळे तसेच. सफरचंदांनी आपलं काम केलं होतं, आणि सफरचंदांना काय बोल लावायचा?

ते हव्वाबीकडे धावले. बैल गेला नि झोपा केला! कुंडीत दोन्ही फुलं कागदासारखी चुरगळून लोंबत होती.

"कालच संध्याकाळी गेली, भाऊ," हव्वाबी म्हणाली. ती रागावली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

त्यांनी त्यातलं एक फूल खुडलं आणि घरी येऊन आशालताच्या तळव्यावर ठेवलं. तिला आता नीट दिसत नव्हतं. तिने बोटांनी पाकळ्या चाचपल्या. एक तुटून पडली.

"अहो, हे वाळलंय."

"हो. हव्वाबीकडचं आहे. आपली नाही आली."

"फुललं कधी होतं?"

खोटं बोलता आलं असतं. पण मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलायची त्यांची हिंमत झाली नाही.

"परवा."

"परवा तर मी जागी होते," आशालता म्हणाली. "मग मला का नाही दाखवलंत?"

कृष्णकांत पडलेली पाकळी वेचू लागले. मग फूल चादरीवर ठेवून तिने भिंतीकडे तोंड केलं. रेवा येईपर्यंत ती होती, रेवाशी दोन शब्द बोललीही. नवऱ्याशी मात्र ती पुन्हा बोलली नाही.