तिन्ही संघांची मॅडम

कॉलेजात असताना ती भाला फेकायची, व्हॉलीबॉल खेळायची आणि बास्केटबॉलही. तिन्ही खेळांत विद्यापीठाच्या संघात होती. आई म्हणायची, "एक ना धड, भाराभर चिंध्या." तेव्हा ती हसण्यावारी न्यायची.

पुढे त्याच कॉलेजात ती प्रशिक्षक झाली आणि प्राचार्यांनी तिन्ही संघ तिच्याच गळ्यात बांधले. दुसरं माणूस मागितलं की एकच उत्तर, "तुम्हाला तर सगळंच येतं." सहा वर्षं हेच ऐकून तिचे कान किटले होते.

त्या शनिवारी व्हॉलीबॉलचा उपांत्य सामना आणि बास्केटबॉलची फायनल एकाच वेळी आली, तीही शहराच्या दोन टोकांना. तारीख बदलण्याचा तिचा अर्ज चार टेबलं फिरून होता तसा परत आला. ती फायनलला गेली. मध्यंतराला मुली बारा गुणांनी पुढे होत्या. तेवढ्यात व्हॉलीबॉलच्या कप्तानाचा फोन आला.

"मॅडम, दोन सेट गेले. आमच्या उंच मुलीचा पाय मुरगळलाय. येता का?"

बास्केटबॉलच्या मुलींना चार सूचना देऊन तिने टॅक्सी पकडली. पोचली तेव्हा मुली गुडघ्यांचे पट्टे सोडत होत्या. तिसराही सेट गेला होता.

कप्तान मान वर न करता म्हणाली, "तिकडेच थांबायचं होतंत. आता तिकडेही हरल्या असतील."

तसंच झालं होतं. तीन गुणांनी.

सोमवारी प्राचार्य म्हणाले, "दोन डगरींवर पाय ठेवला की असंच होणार."

"मी नाही ठेवला, सर. तुम्ही ठेवायला लावलात." तिचा आवाज चढला. "मला एकच संघ द्या. व्हॉलीबॉल."

"घ्या की. बाकीचे दोन बंद करू. माणूस मिळणार नाही."

हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. ती बाहेर पडली. मैदानावर बास्केटबॉलच्या मुली फायनलमध्ये चुकलेले फ्री थ्रो पुन्हा पुन्हा मारत होत्या. शेवटी एकीने विचारलं, "उद्या सराव आहे ना, मॅडम?"

तिला ओरडावंसं वाटलं. पण कोणावर, ते कळेना.

"सहाला," ती म्हणाली. "आणि कोपर आत ठेव. कितीदा सांगू?"